पंधरा मिनिटांत पन्नास वर्षं

आमच्या ग्रूपने 'क्लायबर्न पार्क' करायचं ठरवलं तेव्हा प्रॉपर्टीचं, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तूंचं, काम मी मागून घेतलं. सांगलीला राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत मी हेच करायचे. टेबलावर खडूने चौकोन आखायचे, चौकोनात एकेक वस्तू मांडायची, प्रयोग संपला की मोजून पेटीत भरायची. शिकागोच्या उत्तरेकडच्या उपनगरातलं हौशी थिएटर असो की भावे नाट्यमंदिराची विंग, बॅकस्टेजवाल्याला फारसा फरक जाणवत नाही. अंधार तोच, धूळ तीच आणि एन्ट्री तोंडावर आली असताना "माझा चष्मा कुठाय?" म्हणणारे नटही तेच.

नाटक ब्रूस नॉरिसचं. २०१० साली न्यूयॉर्कला प्लेराइट्स होरायझन्समध्ये पहिला प्रयोग झाला, २०११ साली पुलित्झर मिळालं, २०१२ साली टोनी. पहिला अंक १९५९ चा. शिकागोतली गोऱ्यांची वस्ती, त्यातलं एक घर. बेव्ह आणि तिचा नवरा घर विकून निघालेत, कारण कोरियाच्या युद्धातून परतलेल्या त्यांच्या मुलाने याच घरात जीव दिलाय. सामान बांधणं चालू आहे. एजंटने घर कोणाला विकलं याची दोघांना फारशी चौकशी नाही, पण वस्तीला ती आहे. घेणारं कुटुंब कृष्णवर्णीय आहे. वस्तीच्या संघटनेचा कार्ल लिंडनर हा सद्गृहस्थ व्यवहार मोडायला येतो. दुसरा अंक २००९ चा. घर तेच. आता वस्ती कृष्णवर्णीयांची आहे, आणि एक गोरं जोडपं घर पाडून मोठं बांधायला निघालंय. वस्तीतलं कृष्णवर्णीय जोडपं नियमांचे कागद घेऊन समोर बसलंय. पहिल्या अंकातलेच नट दुसऱ्या अंकात वेगळ्या माणसांच्या रूपात येतात.

यातला कार्ल नॉरिसने निर्माण केलेला नाही. तो लॉरेन हॅन्सबेरीच्या 'अ रेझिन इन द सन'मधला आहे. ते नाटक ११ मार्च १९५९ ला ब्रॉडवेवर आलं. कृष्णवर्णीय बाईने लिहिलेलं ब्रॉडवेवरचं ते पहिलं नाटक. त्यात यंगर कुटुंबाला विम्याचे दहा हजार डॉलर मिळतात, आई त्यातून गोऱ्यांच्या वस्तीत घर बघते, आणि कार्ल त्यांच्या घरी येऊन अतिशय गोड शब्दांत सांगतो की, पैसे घ्या आणि येऊ नका. नॉरिसने त्याच्या मागोमाग जाऊन पाहिलं, की तिथून निघाल्यावर हा माणूस कुठे जाईल? विकणाऱ्याच्या घरी. नॉरिस स्वतः गोरा, ह्यूस्टनला वाढलेला. शाळेत त्या नाटकावरचा चित्रपट पाहिला तेव्हा आपण यातल्या कोणासारखे आहोत तर कार्लसारखे, असं वाटल्याचं त्याने सांगितलेलं आहे. मला हे कबूल करणं आवडतं. पुढचं सगळं नाटक त्या एका वाक्यातून निघालं असावं.

नाटक हशांचं आहे. पण आमच्या दिग्दर्शक बाईंनी पहिल्या वाचनालाच पेन्सिल मध्यंतरावर टेकवली. "पन्नास वर्षं गेली कुठे?" पहिला अंक संपतो, लोक कॉफी पिऊन येतात, आणि वस्ती बदललेली असते. कोणी बदलली, कशी बदलली, त्यात कोणाला किती पैसे मिळाले, याचे दुसऱ्या अंकात दोन-चार उल्लेख आहेत, बाकी काही नाही. त्यामुळे काही प्रेक्षक 'तेव्हा गोरे नको म्हणत होते, आता काळे नको म्हणतायत, फिट्टंफाट' असा हिशेब करून घरी जातात. नाटकावर हा आक्षेप जुना आहे. क्वामे क्वेई-आर्माने २०१३ साली बाल्टिमोरला त्याला उत्तर म्हणून वेगळं नाटकच लिहिलं. आम्हाला तशी मुभा नव्हती. प्रयोगाचे हक्क घेताना संहितेतला शब्दही बदलणार नाही असं लिहून द्यावं लागतं, आणि नॉरिस या बाबतीत कडक माणूस. बर्लिनच्या डॉइचेस थिएटरने कृष्णवर्णीय पात्र रंगवायला गोरी नटी घ्यायचं ठरवलं, तर त्याने हक्क काढून घेतले आणि २०१२ साली जाहीर पत्र लिहून इतर नाटककारांनाही तसंच करायला सांगितलं.

शब्द बदलायचे नाहीत म्हटल्यावर उरल्या वस्तू. बाई म्हणाल्या, "ते पन्नास वर्षांचं काय ते तू आणि नेपथ्यकार बघा." मध्यंतर पंधरा मिनिटांचं.

नेपथ्यकार निवृत्त आर्किटेक्ट, हात सोन्याचा. त्याने दुसऱ्या अंकाचं पहिलं चित्र काढलं ते उकिरड्याचं होतं. संहितेत घराची अवस्था दिलेलीच आहे: फायरप्लेसवरच्या ओकच्या चौकटीवर रंगांचे हात चढलेले, लाकडी जमिनीवर लिनोलियम, गिलावा जागोजागी पडलेला. त्याने त्यात तुटक्या काचा, भिंतीवर स्प्रेने लिहिलेलं, कोपऱ्यात बाटल्या असं सगळं भरलं. चित्र टेबलावर फिरत फिरत फ्रॅन्सीन करणाऱ्या नटीपर्यंत आलं. पहिल्या अंकात ती बेव्हच्या घरी कामाला येणारी फ्रॅन्सीन आणि दुसऱ्यात वस्तीच्या वतीने बोलणारी लीना, हे घर घेणाऱ्या यंगर आजीच्या नात्यातली. ही नटी शहराच्या दक्षिण टोकाहून तालमीला यायची, ट्रॅफिक असेल तर एका बाजूला दीड तास. तिने चित्र पाहिलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "माझ्या आजीच्या घरात असा गिलावा पडला असता ना, तर तिने आजोबांना जेवायला वाढलं नसतं."

मग तिने आजीच्या घराची गोष्ट सांगितली, आणि त्या संध्याकाळी तालीम झाली नाही.

आजी-आजोबांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोच्याच नॉर्थ लॉन्डेल वस्तीत घर घेतलं, कॉन्ट्रॅक्टवर. म्हणजे काय ते मला नीट विचारावं लागलं. १९३४ साली सरकारने गृहकर्जांना हमी देणारी यंत्रणा उभी केली, पण जिथे कृष्णवर्णीय राहतात किंवा राहायला येतील अशा वस्त्यांना ती हमी मिळत नसे. हमी नाही म्हणून बँका कर्ज देत नसत. मग मधले दलाल पुढे आले. आधी गोऱ्या घरमालकांच्या दारी जाऊन 'ते येतायत, भाव पडणार, आत्ताच विका' अशी भीती घालायची, घर स्वस्तात उचलायचं आणि जवळजवळ दुप्पट भावाने कृष्णवर्णीय कुटुंबाला कॉन्ट्रॅक्टवर द्यायचं. सुरुवातीला ठोक रक्कम, नंतर दरमहा हप्ता, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर दलालाच्याच नावावर. एक हप्ता चुकला तरी बाहेर. भरलेले पैसे गेले, आणि तेच घर पुढच्या गिऱ्हाइकाला तयार. १९६८ साली लॉन्डेलच्या लोकांनी कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग काढून हप्ते थकवण्याची चळवळ केली. पन्नास आणि साठच्या दशकांत शिकागोच्या कृष्णवर्णीय कुटुंबांचं यात तीन ते चार अब्ज डॉलरचं नुकसान झालं, असा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे.

"आजोबा दोन पाळ्या करायचे," ती म्हणाली. "दुरुस्तीला कर्ज कोण देणार? घर नावावरच नाही. मग आजी दर ईस्टरला रंगाचा डबा काढायची. पैसे नसले की माणूस रंग देतो. घर पडीक दिसलं की आत राहणारे आळशी होते असं बघणाऱ्याला वाटतं. तुम्ही ते वाटू देऊ नका, एवढंच."

नेपथ्यकाराने चित्र फाडलं नाही, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला दुसरं काढायला घेतलं.

ठरलं ते असं. पहिल्या अंकात ओकची पॉलिश केलेली चौकट. मध्यंतरात तिच्यावर पातळ प्लायवुडचं एक खोळ बसवायचं, वर दोन हुक, खाली एक खिट्टी. हे खोळ म्हणजे यंगर आजीच्या हातची पन्नास वर्षं. मी त्याला आधी मोतिया रंग दिला, त्यावर पिस्ता, त्यावर पोवळ्यासारखा गुलाबी, शेवटी पांढरा. प्रत्येक थर वाळला की कडेला मेण चोळायचं, म्हणजे पुढचा थर तिथे पक्का बसत नाही. मग रंगाच्या सुरीने कोपरे असे उडवायचे, की खालचे सगळे रंग ओळीने दिसतील. तिसऱ्या रांगेच्या मागे हे कोणालाही दिसणार नव्हतं. तरी मी ते केलं, आणि माझ्या मते या प्रयोगातली सर्वांत नेमकी वस्तू तीच होती. लिनोलियमही साधं नाही, दारापाशी आणि सिंकच्या वाटेवर झिजलेलं, बाकी स्वच्छ. गिलावा फक्त छतालगत पडलेला, जिथून पाणी गळतं आणि जिथे आजीचा हात पोचत नाही. शेवटचा काही काळ घर रिकामं, कारण २००८ चं कर्जसंकट. दाराला बँकेचं किल्लीचं पेटीकुलूप अडकवलं. ते पाहून लीनाला स्टेजवर येताना दर प्रयोगाला बरं वाटायचं असं ती म्हणाली. बरं म्हणजे राग यायचा, आणि तिला तो लागत होता.

बाकीची कामं मजेची. पहिल्या अंकाच्या सुरुवातीला बेव्हचा नवरा तीन रंगांचं नेपोलिटन आइस्क्रीम खात बसलेला असतो. दिव्यांखाली खरं आइस्क्रीम पाच मिनिटांत सरबत होतं. इथले बॅकस्टेजवाले कुस्करलेल्या बटाट्यात रंग घालतात, पण ते बिचाऱ्या नटाला गिळावं लागतं. मी चक्का बांधला. एका भागात कोको, एका भागात स्ट्रॉबेरीचा गर, एक पांढरा, साखर कमी, नाहीतर टाळ्याला चिकटतो आणि वाक्यं अडकतात. थंड करून काढलं की चमच्याने गोळा सुरेख निघायचा. रंगीत तालमीपर्यंत ग्रीन रूममध्ये या चक्क्यावर सगळ्यांचा डोळा होता. शेवटी मला डब्यावर पात्राचं नाव लिहून ठेवावं लागलं.

सामान गुंडाळायला वर्तमानपत्रं हवी होती. प्रवेश सप्टेंबर १९५९ चा, म्हणजे शहरात व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाची धामधूम. त्या महिन्यात त्यांनी लीग जिंकली आणि त्या रात्री शिकागोत हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवले, लोकांना वाटलं रशियाने बाँब टाकला. मी त्या दिवसांच्या अंकांच्या प्रती छापून चहात बुडवल्या, वाळवल्या, हाताने मऊ केल्या. प्रेक्षकांना मथळे दिसत नाहीत, पण फ्रॅन्सीन आणि बेव्ह कप गुंडाळता गुंडाळता त्यांच्याकडे बघायच्या, तेवढं पुरे.

ट्रंका दोन. मुलाची लष्करी ट्रंक पहिल्या अंकात वरच्या मजल्यावरून खाली येते, बाप ती बागेत पुरतो. दुसऱ्या अंकात तळ्यासाठी खणताना कामगाराला ती सापडते. पहिली ट्रंक ठीकठाक, दुसरी पन्नास वर्षं जमिनीत राहिलेली. तिला मी मीठपाणी मारून महिनाभर घराच्या मागच्या अंगणात ठेवलं. शेजारच्या आजी रोज कुंपणावरून बघायच्या. शेवटी त्यांनी विचारलंच की, हे तुमच्याकडचं काही धार्मिक आहे का?

मध्यंतराची कवायत बसवायला सगळ्यांत जास्त वेळ गेला. खोकी बाहेर, पडदे खाली, भिंतीवरचा वॉलपेपर ओढून काढायचा (तो कापडावर चिकटवून वेल्क्रोने लावलेला), खोळ वर, लिनोलियम उलगडायचं, खुर्च्या मांडायच्या. स्टेज मॅनेजर हातात घड्याळ घेऊन उभी. पहिल्या तालमींना आम्ही धापा टाकत होतो. प्रयोगांना मात्र वेळ कधी कमी पडला नाही, कारण बायकांच्या टॉयलेटपुढची रांग. अशी रांग असेल तर कुठलंही थिएटर तिसरी घंटा देत नाही.

या सगळ्या काळात कार्लचं एक भाषण माझ्या कानावर रोज पडत होतं. तो शिवी देत नाही, आवाज चढवत नाही. त्याचं म्हणणं एवढंच की घराची किंमत. माणसांबद्दल माझ्या मनात काही नाही हो, पण एक घर विकलं गेलं की दुसरं, आणि मग भाव. दुसऱ्या अंकातही तेच: घराची उंची, बांधकामाचा नियम, वस्तीचं ऐतिहासिक मूल्य. दोन्ही अंकांत मूळ विषयावर यायला लोकांना अर्धा-पाऊण तास लागतो, आणि विनोद तिथेच आहे. विंगेत उभी राहून ऐकताना मला आमच्या घरखरेदीची आठवण यायची. आम्ही इथे घर बघत होतो तेव्हा एजंटला मी अगदी सरळपणे विचारलं होतं, "या भागात इंडियन फॅमिलीज आहेत का?" ती हसली आणि म्हणाली, याचं उत्तर द्यायला मला कायद्याने बंदी आहे. १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा. कुठे कोण राहतं हे सांगून गिऱ्हाइकाला इकडे-तिकडे वळवायचं नाही. शाळेचं रेटिंग मात्र तुम्ही बघू शकता, असं तिने सुचवलं. आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी घराने ते बघितलेलं आहे. 'एरिया कसा आहे?' या प्रश्नात आपण काय काय विचारतो, हे आपल्याला चांगलं ठाऊक असतं.

प्रयोगांच्या आधी एका रविवारी आम्ही काही जण दक्षिणेला जाऊन आलो. ६१४० साउथ र्‍होड्स अव्हेन्यू. विटांची तीन मजली इमारत, खासगी मालकीची, म्हणून रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर उभं राहूनच पाहिली. १९३७ साली लॉरेन हॅन्सबेरीच्या वडिलांनी ही घेतली. तिथल्या गोऱ्या घरमालकांनी आपसात करार केलेला होता की, कृष्णवर्णीयांना घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं नाही. जमाव आला, विटेचा तुकडा खिडकीतून आत आला आणि लहानग्या लॉरेनच्या डोक्याजवळून गेला. वडील कोर्टात भांडत होते, तेव्हा आई रात्री भरलेलं पिस्तूल घेऊन घराची राखण करायची. १९४० साली सुप्रीम कोर्टात ते जिंकले, तेही एका तांत्रिक मुद्द्यावर. असे करार कोर्टाने राबवायचे नाहीत हा निकाल यायला १९४८ उजाडलं. २०१० साली शहराने या इमारतीला वारसा दर्जा दिला. आता जवळच जॅक्सन पार्कमध्ये ओबामांचं केंद्र उभं राहिलंय, वुडलॉनमधले भाव चढतायत, आणि जुन्या रहिवाशांना हुसकावलं जाऊ नये म्हणून २०२० साली शहराने वेगळा नियम केला. म्हणजे आमच्या नाटकाचा दुसरा अंक त्या रस्त्यावर चालू आहे. नटी म्हणाली, "फोटो काढू नका, लोक राहतात तिथे." आम्ही गाडीत बसलो.

प्रयोग सुरू झाले आणि हशांनी मला बरंच शिकवलं. पहिल्या अंकात कार्ल विचारतो की तुम्ही लोक स्कीइंग करता का, आणि त्यावरून वस्तीचं शास्त्र मांडतो. तिथे सगळं थिएटर मोकळेपणी हसायचं. १९५९ चा माणूस, टाय, तपकिरी सूट, आपल्याशी काय संबंध! त्याच नटाने दुसऱ्या अंकात चालू फॅशनचे बूट घालून तोंड उघडलं की हसू आखडतं व्हायचं. दुसऱ्या अंकात घाणेरडे विनोद एकमेकांच्या तोंडावर मारले जातात. शुक्रवारच्या प्रयोगाला त्यावर स्फोट व्हायचा आणि लगेच लोक शेजाऱ्याकडे बघायचे, हसणं योग्य होतं का म्हणून. रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला ज्येष्ठ मंडळी, तिथे एकदम चिडीचूप. एका शनिवारी नटीच्या चर्चमधून बराच मोठा ग्रूप आला. ते भलत्याच जागी हसले. फ्रॅन्सीन "येस मॅडम" म्हणण्याआधी जो श्वास घेते, त्या श्वासावर. बेव्ह आग्रहाने तिला जुनं भांडं देऊ करते आणि फ्रॅन्सीन ते नको म्हणते, त्यावर तर टाळ्या. बाकीचं थिएटर त्यांच्या पाठोपाठ हसायला लागलं, थोडं उशिरा. नट बिथरले. आजवर हशा न मिळालेल्या वाक्यांना थांबावं लागलं आणि अंक चार मिनिटांनी लांबला.

नाटक मला आवडतं की नाही हे मला अजून सांगता येत नाही. कार्ल उत्तम लिहिलाय, बेव्ह तर त्याहून. लीना आणि तिचा नवरा केव्हिन यांना मात्र नॉरिसने उत्तरं दिलीत, आयुष्य दिलं नाही. ते दिलं ते त्या नटीने, आणि ती दर प्रयोगाला कॉफी घेऊन गाडीत बसून परत दीड तास जायची.

एका प्रयोगानंतर चर्चा ठेवली होती. अशा चर्चांना मी सहसा विंगेतच खोकी भरते, पण त्या दिवशी बाहेर उभी होते. दिग्दर्शक बाईंनी डियरफील्डचा विषय काढला. हे गाव आमच्या थिएटरपासून फार लांब नाही. नाटकातला पहिला अंक जेव्हा घडतो त्याच शरद ऋतूत, १९५९ च्या नोव्हेंबरात, तिथे कळलं की नव्या दोन वसाहतींतल्या ५१ घरांपैकी १०-१२ घरं बिल्डर कृष्णवर्णीय कुटुंबांना विकणार आहे. डिसेंबरात गावाने मतदान केलं आणि ती जमीन उद्यानांसाठी ताब्यात घ्यायचं ठरवलं. मुलांना खेळायला जागा हवी, एवढंच कारण. बिल्डर कोर्टात हरला. उद्यानं झाली. मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. "मी त्याच पार्कातल्या तलावात पोहायला शिकलो," ते म्हणाले. "आमच्या घरी याबद्दल कोणी कधी बोललं नाही." मग खाली बसले. त्यांच्या बायकोने त्यांना कोपराने काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली. पुढचा प्रश्न पार्किंगबद्दल होता.

शेवटच्या प्रयोगानंतर सेट मोडला. हौशी थिएटरला गोदाम नसतं, त्यामुळे ओकची चौकट (आतून ती पाइनच होती) पुढच्या नाटकासाठी फुटली, वॉलपेपर कचऱ्यात गेला. रंगांचं खोळ नेपथ्यकार घेऊन गेला.

आमच्या महाराष्ट्र मंडळातले काही जण प्रयोगाला आले होते. आवडलं असावं, कारण मराठीत करू या असा विषय निघाला. एका घरी पोहे खात खात बैठक झाली. एक म्हणाला, मुलुंडला घडवा. २०२३ साली तिथे एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता, सगळ्यांचं रक्त पुन्हा एकदा उसळलं. मग कोणीतरी मांसाहारी लोकांना फ्लॅट न देणाऱ्या सोसायट्यांवर आलं. त्यावर एक काकू म्हणाल्या की, पुण्यात त्यांच्या स्वतःच्या बिल्डिंगमध्ये भाडेकरूचं आडनाव आधी विचारतात, आणि विचारणारे आपलेच असतात. ते मिनिटभर कोणी उचललं नाही. मी म्हटलं, मुलुंड-पुणे कशाला, इथेच नेपरव्हिलला घडवा. पहिला अंक आपण पहिल्यांदा घर घ्यायला आलो तेव्हाचा, दुसरा आत्ताचा. शेजारचं घर विकायला निघालंय, आणि घेणारे लॉन्डेलहून आलेत. रूपांतराचे हक्क मिळणं अवघड आहे हेही सांगितलं, पण तोवर सगळे पात्रांवर पोचले होते. कार्ल करायला तिथल्या तिथे तीन जण तयार झाले. फ्रॅन्सीनसाठी अजून कोणी नाव दिलेलं नाही.